लाल काढायचा, पांढरा लावायचा

काही वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या जालन्याच्या घरी बायका जमायच्या. सगळ्या नोकरीवाल्या, सगळ्या लेकुरवाळ्या, आणि सगळ्या, त्यांच्या सासरच्या भाषेत सांगायचं तर, डोक्यानं अर्धवट. एक बँकेत कॅशियर होती. तिच्या हिशेबात पैशाची चूक सापडायची नाही, पण ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून यायची. भोकरदनची एक शिक्षिका शाळेची घंटा वाजली की कानांवर हात ठेवायची आणि मुलं हसायची. नोकरी टिकवायची कशी, घर सांभाळायचं कसं आणि या दोन्हींच्या मध्ये स्वतः वेडं व्हायचं नाही ते कसं, असं आम्ही बोलायचो. माझी बदली, बढती, वरिष्ठांचे टोमणे हे सगळं होऊन गेलेलं होतं, म्हणून त्या मला विचारायच्या.

कुणीतरी हटकून म्हणायचीच, "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी सांगायची, शेतावरच्या एका मावशींनी. इथवर खरं होतं. पुढचा प्रश्न ठरलेला, त्या मावशी आता कुठे असतात? तो आला की मी चहा ठेवायला आत जायची.

आता आत जाण्यात अर्थ नाही. लिहूनच टाकते.

लहानपणापासून माझ्या डोक्याचा कारभार असा की आईनं मला दळण आणायला पाठवलं, तर मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत तासभर उभी राहणार आणि डबा तिथंच ठेवून घरी येणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आमच्या घरात माझ्यामुळेच झिजली. पण झाडापुढे बसवलं की हेच डोकं गप्प व्हायचं. एकेका फुलाकडे मी दोन-दोन तास बघू शकत असे. त्या बळावर शेतकीची पदवी घेतली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बदनापूरपलीकडच्या एका बियाण्याच्या प्लॉटवर मला देखरेखीची नोकरी लागली. त्या काळात आमच्याकडे या कामावर बाई म्हणजे नवलच होतं. नोकरी माझी लाडकी होती, हे सरळ सांगते. जगात तेवढ्या एका ठिकाणी मला कुणी हुशार म्हणत होतं.

घरी तसं म्हणायला कुणाला कारणच नव्हतं. नवरा जालन्याला सरकारी कचेरीत. सज्जन, नेमका, डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. मी दूध उतू घालायची, कुलूप न लावता निघायची, पगाराचं पाकीट भाजीच्या पिशवीत टाकून पिशवी झटकायची. तो पुसायचा, उचलायचा, एखादा टोमणा मारून सोडून द्यायचा. मग एकदा मी पेटता स्टोव्ह तसाच ठेवून अंगणात गुलाबाची कीड बघत बसले. आत चार वर्षांची आमची मुलगी झोपली होती. पडद्यानं पेट घेतला. तो वेळेवर आला म्हणून निभावलं.

त्या दिवशी तो ओरडला नाही. जळकी कापडं बाहेर टाकून आला, हात धुतले आणि म्हणाला, "तू काम करतेस याचा मला अभिमान आहे. पण पोरीच्या बाबतीत आता पुन्हा काही झालं, तर नोकरी सोडायची." मी हो म्हटलं. न्याय्यच होतं ते.

मुलीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून मी तिला बरोबर न्यायची. सकाळच्या गाडीनं जालन्याहून बदनापूर, स्टेशनजवळच्या बालवाडीत तिला सोडायचं, तिथून चालत प्लॉट गाठायचा. बालवाडी एक वाजता सुटायची. एकला जाऊन तिला आणायचं आणि प्लॉटवरच्या शेडमध्ये पोत्यांवर निजवायचं. दिवसातली ही एकच गोष्ट अशी होती की जी चुकली तर सगळंच संपणार होतं.

प्लॉटवरच्या तीस-पस्तीस मजूर बायकांवर एक मुकादम होती. मंठ्याकडच्या खेड्यातली, पन्नाशीची, अंगानं काटक. आम्ही तिला मावशी म्हणायचो. अक्षर ओळखत नव्हती. कुणाचा हात अंगाला लागला तर तिला चटका बसल्यासारखं व्हायचं. बायका एकदम बोलायला लागल्या की ती डोक्याचा फडका कानांवर ओढून घ्यायची. रोज तीच भाकरी, तीच सुकी मिरचीची चटणी, त्याच बांधावर. मजूर बायका तिच्या माघारी तिला चक्रम म्हणायच्या, पण आपली तान्ही पोरं मात्र तिच्याच नजरेखाली झोळीत टाकून निर्धास्त कामाला लागायच्या. पोरांच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे शब्द.

कामावर रुजू होऊन मला पंधरा दिवस झाले नव्हते, तोच तिनं मला ओळखलं. मी तिसऱ्यांदा वही शोधत होते आणि ती माझ्याच बगलेत होती.

"बाई, तुमचं डोकं माझ्यावाणीच हाय," ती म्हणाली. "एका जागी बसत न्हाई, अन् बसलं की उठत न्हाई."

मला आजवर डॉक्टरांनी, पुस्तकांनी बरंच काही सांगितलं. इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

तिनं मला जे शिकवलं ते कपाशीचंच काम होतं. संकरित बी हातानं तयार करावं लागतं. उद्या उमलणारी कळी आदल्या दुपारी हेरायची, तिचा नराचा भाग नखानं काढून टाकायचा आणि त्या कळीवर पतंगाच्या लाल कागदाची पुडी चढवायची. दुसऱ्या सकाळी लाल पुडी काढायची, दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग लावायचे आणि पांढरा कागद चढवायचा. लाल म्हणजे काम अर्धं आहे. पांढरा म्हणजे झालं. शेकडो ओळींत हजारो कळ्या, पण कुणाला काही आठवावं लागत नाही. झाडच सांगतं.

"घरी बी असंच करा," मावशी म्हणाली. "डोक्यावर भरवसा ठिवू नका. डोकं खोटं बोलतं. कागद खोटं बोलत न्हाई."

मग मी घरभर लाल कागद लावले. स्टोव्ह पेटवला की मनगटावर लाल, विझवला की पांढरा. दूध तापत ठेवलं की लाल. कुलपाच्या किल्लीला लाल. नवरा आधी हसला, मग दूध उतू जायचं थांबलं तसा गप्प झाला, आणि पुढे बाजारातून पतंगाचे कागद स्वतःच आणू लागला. सगळ्यांत मोठा लाल कागद मुलीचा. तिला बालवाडीत सोडलं की तो घड्याळाच्या पट्ट्यात अडकवायचा, तिला आणून शेडमध्ये निजवलं की काढून पांढरा. मावशीनं आणखीही शिकवलं. सगळ्या शेताकडे बघायचं नाही, हातातल्या ओळीकडे बघायचं. कुणी मध्येच बोलावलं तर आधी झाडाला हात लावून ठेवायचा आणि मगच मान वळवायची. नवऱ्याच्या अटीची गोष्टही मी तिला सांगितली होती. ती ऐकून एवढंच म्हणाली की बराबर एक वाजता मी बी इचारत जाईन. आणि ती विचारायची. दोन पावसाळे एकही दिवस चुकला नाही.

तिसऱ्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी निम्म्याहून जास्त बायका कामाला आल्या नाहीत. आमच्या महालक्ष्म्या थोरल्या दिरांकडे असायच्या, त्यामुळे मला सुट्टीची गरज नव्हती. आदल्या दिवशी लाल कागद चढवलेली पाच-पाच ओळींऐवजी बारा-बारा ओळींची फुलं एकेकीच्या वाट्याला आली होती. त्याच दिवशी पराग लागले नाहीत तर ती वाया जातात. फुलं सणासाठी थांबत नाहीत. मीही पदर खोचून ओळीत उतरले. मावशी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गेली.

लाल काढायचा, पराग लावायचे, पांढरा चढवायचा. लाल काढायचा, पांढरा लावायचा. माझ्यासारख्या डोक्याला यासारखं सुख नाही. आजूबाजूचं सगळं नाहीसं झालं. किती वेळ गेला ते कळलंच नाही. ओळ संपली तेव्हा सवयीनं मनगटाकडे पाहिलं. घड्याळात दोन वाजून गेले होते, आणि पट्ट्यात पांढरा कागद होता. म्हणजे मुलीला आणलेली होती. मी पुढच्या ओळीत शिरले.

तीनच्या सुमारास मावशी माझ्यापर्यंत पोहोचली. एक वाजता तिला विचारायला येता आलं नव्हतं. तिनं विचारलं, लेकरू कुठंय?

"आणलं की. शेडमध्ये निजलीय," मी सांगितलं.

मी खोटं बोलत नव्हते. हेच मला आजतागायत छळतं. मी तिला आणलं होतं. मला स्पष्ट आठवत होतं. तिचा घामट हात माझ्या हातात, वाटेत तिनं मागितलेलं पाणी, पोत्यावर टेकवताना केसांना आलेला खोबरेल तेलाचा वास. आजही आठवतं. त्या दिवसाचं खरं जे घडलं त्यापेक्षा हे न घडलेलंच मला जास्त लख्ख दिसतं.

मावशी शेडकडे गेली आणि पळत परत आली. मी कधीतरी, शेकडो फुलांच्या मध्ये, माझ्या स्वतःच्या मनगटावरचा लाल कागद काढून पांढरा लावला होता. हातानं हाताचं काम केलं होतं.

बालवाडीला कुलूप होतं. बाई शेजारीच राहायच्या, सणाच्या गडबडीत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही नेलीत की तिला. ती म्हणाली, आई आली, आणि पळाली." त्यांनी रस्त्यावर हिरव्या साडीची बाई पाठमोरी पाहिली होती. माझीही साडी हिरवी होती. त्या भल्या बाईला मी काय दोष देऊ, मला स्वतःलाच मी तिला आणल्याचं आठवत होतं.

ती स्टेशनवर सापडली. फलाटावरच्या बाकावर, पाय लोंबकळत, एकटी. शेजारी पाटी ठेवून तिनं माझी जागा धरली होती. रडत नव्हती. मला बघूनही रडली नाही. माझ्याकडे जरा वेळ निरखून बघत राहिली, खात्री करून घेतल्यासारखी. मग म्हणाली, "मी तुझ्या मागं मागं आले. तू गाडीत बसलीस. मग ती तू नव्हतीस."

रुळांच्या कडेला, चार वर्षांचं... नव्हे, तेव्हा सहा पुरी व्हायची होती. तरी मला ती अजून चारच वर्षांची दिसते. मी तिला उचलून घेतलं.

रात्री जेवताना तिनंच बापाला सगळं सांगितलं. त्यानं तिला आणखी भात वाढला. सकाळी मात्र कचेरीचे कपडे न घालता आमच्याबरोबर गाडीत बसला. मला समजलं. तो प्लॉटवर येऊन माझा राजीनामा देणार होता. अख्ख्या वाटेत मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या डोक्यात पोरीचा विचार नव्हता, नोकरीचा होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मावशी बांधावर उभी होती. त्याला माझ्यामागे येताना पाहून तिला काय समजायचं ते समजलं. त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"भाऊ, चूक माझी हाय. बाई निघाल्याच होत्या. मीच म्हन्लं, फुलं सुकून राह्यली, तुम्ही हात चालवा, लेकराला आणायला मी बाई धाडते. अन् धाडायचं इसरून गेल्ते."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "असं झालं?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट आणि सगळ्यांत जड. तो वळला आणि शेडमध्ये साहेबांकडे गेला. अशा बाईच्या जिवावर तुम्ही पोरं कशी सोपवता, असं काहीतरी तो बोलला असावा. साहेबांना मावशी तशीही आवडत नव्हती, तिची मान झुकत नसे. आठवडा संपायच्या आत तिला घरी बसवलं. जाताना ती माझ्याजवळ आली, अंगाला अंग लागणार नाही इतकी लांब उभी राहिली आणि म्हणाली, "लेकराकडं बघा. बराबर एक वाजता." आणि मंठ्याच्या गाडीकडे निघून गेली.

साहेबांकडे जाऊन खरं सांगायचं मी रोज ठरवत होते. आयुष्यभर मला सगळ्यांनी विसराळू म्हणून माफ केलं, पण ही गोष्ट मी विसरले नव्हते. एकही दिवस नाही. ही मी केली नाही, बस. काही महिन्यांत मीच त्या प्लॉटची प्रमुख झाले.

त्यानंतर दुपारी एक वाजला की मला कुणीतरी विचारल्यासारखं वाटायचं, लेकरू कुठंय? मुलगी मोठी झाली, कॉलेजला गेली, तरी वाटायचं. शेतातल्या बायकांत डोक्याचा फडका कानांवर ओढलेली कुणी पाठमोरी दिसली की मी वाट बदलायची. मुलीच्या दहावीच्या सुमारास तिचं लक्ष लागत नाही म्हणून तिला औरंगाबादला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याबरोबर माझीही चौकशी केली आणि आम्हा दोघींच्या डोक्याला एक नाव दिलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, मावशीच्या डोक्यालाही एक नाव असणार, आणि ते तिला कुणीच सांगितलं नसणार. शनिवारच्या बैठका मी त्यानंतर सुरू केल्या. लोक मला समाजसेविका म्हणू लागले. मी काय फेडत होते ते मला माहीत होतं.

एका शनिवारी एक तरुण आई रडत आली. मुलाला शाळेतून आणायचं विसरली होती, आणि घरी सांगितलं होतं की रिक्षावालाच त्याला आणायला विसरला. बाकीच्या तिला समजावत होत्या, होतं असं, तू वाईट आई नाहीस. मी विचारलं, "त्या रिक्षावाल्याचं काय झालं?" तिला माहीत नव्हतं. मी पुन्हा विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना इतका चढला. ती पुन्हा कधी आली नाही. तिच्यावर ओरडायचा मला काय अधिकार होता?

दुसऱ्या दिवशी मी मंठ्याची एसटी पकडली, तिथून जीपनं मावशीचं गाव. वीस वर्षांत हे मला कधी जमलं नव्हतं, आणि लागले जेमतेम तीन तास.

तिची सून अंगणात डाळ पाखडत होती. मी प्लॉटवरची, एवढंच सांगितलं. तिनं बसायला पोतं टाकलं. मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढे कुठे मुकादम होत्या का, असं मी विचारलं.

"न्हाई. मुकादमी कोण देणार? तिकडून बोभाटा झाल्ता ना, की ही लेकरं इसरती म्हनून. मंग गावातल्या बायांनी बी कधी झोळी सोपवली न्हाई तिच्यापाशी. माझं लेकरू झालं, तर तिनं स्वतःच घेतलं न्हाई. म्हनायची, माझ्यापाशी देऊ नको, बोल लागंल तुला."

मी चहा न घेताच उठले. सून म्हणाली, "काही काम होतं का?" काही नाही, असं सांगितलं.

घरी आले तेव्हा नवरा जेवायला थांबला होता. आता निवृत्त, केस पांढरे, डाळींच्या डब्यांवर अजून चिठ्ठ्या. मी ताट वाढलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी मावशींनी कुणाला धाडायचं कबूल केलं नव्हतं. मी विसरले. मी खोटं बोलले.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तेव्हाच. तू कधी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीस. त्या दिवशी सरळ माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणालीस."

मग साहेबांकडे का गेलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, की माझा राजीनामा द्यायलाच तो आला होता. पण माझं तोंड पाहिलं आणि त्याला धीर झाला नाही. अट मागे घ्यायची तर कुणाची तरी चूक ठरायला हवी होती. त्या बाईनं स्वतःहून मान पुढे केली, आणि त्यानं ती घेतली. "तिलाही कळलं होतं, मला कळलंय ते," तो म्हणाला. "तिनं तसंच पाहिलं माझ्याकडे."

म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही खरं माहीत होतं, आणि गेली फक्त ती.

भाकरी निवत होती. त्यानं विचारलं, आवाजात राग नव्हता, "तेव्हा तू खरं बोलली असतीस, तर दिलेल्या शब्दाप्रमाणे नोकरी सोडली असतीस?"

मला होय म्हणायचं होतं. जिवाच्या आकांतानं म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं.